रविवारी खारट होणारं पाणी

१

ईस्टरच्या रविवारी चर्चमधून घरी आल्यावर वॉनिटा रेगियरने कॉफीचा पहिला घोट घेतला आणि तो तसाच सिंकमध्ये थुंकला. एकोणऐंशी वर्षांच्या आयुष्यात कॉफी थुंकल्याची ही पहिलीच वेळ. चुकून साखरेऐवजी मीठ पडलं म्हणावं, तर ती कॉफीत साखर घालतच नसे. तिने नळाचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं. पाणीच खारट झालं होतं.

"समुद्र मी आयुष्यात एकदाच बघितलाय, टेक्ससला, बहिणीकडे," वॉनिटा सांगत होती. "तो थेट माझ्या नळातून आला गं पोरी."

नेल्डा पर्डम हसली, पण वहीत लिहीत राहिली. राज्याच्या तेल-वायू खात्याची ती या भागातली निरीक्षक. वय पन्नास. ओक्लाहोमाच्या या पश्चिम टोकाला तेलाच्या विहिरींवर नजर ठेवायची, आणि त्यांच्यामुळे जमिनीतलं गोडं पाणी नासलं तर कुणामुळे नासलं ते शोधायचं, हे तिचं काम. एकवीस वर्षं ती ते करत होती. तक्रार येऊन दोन आठवडे होत आले होते. एवढा उशीर झाल्याची तिला लाज वाटत होती, पण चार तालुक्यांना ती एकटीच होती.

"बोअर किती खोल?"

"नव्वद फूट. माझ्या हार्लनने लग्नाच्या वर्षी मारून घेतली. हार्लन गेला त्याला पाच वर्षं झाली, पण बोअर कधी आजारी पडली नाही. आता मी पंप बंदच ठेवते. रोज दुपारी मिनिटभर चालू करून पेलाभर चाखते, सुधारलंय का बघायला."

"आणि प्यायला?"

"ऑर्बी आणतो ना कॅन भरून, गावातून. तो वेडा तर ईस्टरच्या आधीच, गुरुवारीच चार कॅन घेऊन आला होता. म्हणे पंप जुना झालाय, बंद ठेव, हे पी. मी म्हटलं, हार्लनची बोअर पाणी देतेय तोवर मी तेच पिणार. कॅनचं पाणी कोंबड्यांना घातलं. आता तेच पितेय बघ! देवाने बरोबर जिरवली."

ऑर्बी टीगचं नाव ऐकून नेल्डाला बरं वाटलं. ऑर्बी तिचा गुरू. खात्यात आली तेव्हा तिला नीट पाना धरता येत नव्हता. ऑर्बीने तिला सगळं शिकवलं आणि मग तो निवृत्त झाला. आता एक्याऐंशीचा होता.

"अजून येतात ते तुमच्याकडे?"

"दर रविवारी चर्चला न्यायला येतो. अर्धा तास आधीच येतो आणि बाहेर फेऱ्या मारत बसतो. मला टोपी घालायला वेळ लागतो हे त्याला माहीत आहे."

नेल्डा बाहेरच्या नळाशी गेली. वाऱ्याने गव्हाचं हिरवं शेत आडवं पडत होतं. पंप चालू करून तिने काचेच्या बाटलीत पाणी धरलं. पाणी दुधासारखं पांढरं आलं, आणि मग खालून वर हळूहळू निवळत गेलं.

"हे असं कधीपासून?"

"फेब्रुवारीपासून. हवा ओढतो गं पंप. म्हातारा झालाय, माझ्यासारखाच."

नेल्डाने बाटलीवर चिठ्ठी लावली. पंप दिवसभर बंद राहिला की हवा धरणारच, असं तिने मनाशी म्हटलं. परत निघताना स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तिचं लक्ष गेलं. ईस्टरपासून पुढच्या प्रत्येक चौकोनात वॉनिटाने पेन्सिलीने फुल्या काढल्या होत्या. कुठे एक, कुठे दोन, कुठे पाच.

"या कसल्या फुल्या?"

"किती खारट ते. पाच म्हणजे थुंकावं लागलं."

नेल्डाने फोनवर फोटो काढून घेतला. रीतच होती तशी. त्या फुल्यांत काय दडलंय ते कळायला तिला चार दिवस लागले.

२

गावाने निकाल आधीच लावून टाकला होता. गुन्हेगार ग्लेन हॉब्स.

तेलाबरोबर जमिनीच्या पोटातून ढीगभर खारं पाणी वर येतं. ते परत खूप खोल सोडून द्यावं लागतं. तशी एक विहीर हॉब्सची होती, वॉनिटाच्या कुंपणापासून अर्ध्या मैलावर. तिचा पाइप मधेच फुटला तर खारं पाणी वरच्या गोड्या पाण्यात शिरणार, हे शेंबडं पोरही सांगेल. पुढच्या सोमवारी सुनावणी होती. हॉब्सविरुद्ध नेल्डाचा अहवाल गेला की विहिरीला कुलूप लागणार.

"या मॅडम, या. बेड्या आणल्यात का?" हॉब्स गाडीच्या बॉनेटवर बसून सँडविच खात होता. गाडीच्या टपावर कुणीतरी मुठीने मीठ टाकलं होतं. ते त्याने पुसलंही नव्हतं.

"आधी दाब बघू दे."

"बघा की. दाब बघा, कागद बघा, माझा रक्तदाब पण बघा. कालच चर्चमध्ये माझ्या शेजारचा बाक रिकामा होता. माझी आई त्या वॉनिटाबाईंबरोबर भजनं म्हणायची हो! मी त्यांच्या पाण्यात मीठ घालेन?"

नेल्डाने दाब तपासला. पाइप आणि त्याबाहेरच्या आवरणाच्या मधल्या जागेतला दाबाचा काटा तिच्यादेखत तासभर जागचा हलला नाही, म्हणजे गळती दिसत नव्हती. सहा महिन्यांच्या नोंदीही सरळ होत्या. पण नोंदी माणसंच लिहितात. ऑर्बीने पहिल्याच आठवड्यात तिला सांगितलं होतं, कागदावर विश्वास ठेवू नकोस, भोकावर ठेव.

"माझ्याकडे बारा माणसं आहेत," हॉब्स मघापेक्षा हळू आवाजात म्हणाला. "चूक असेल तर ठोका कुलूप. पण आधी दुसरीकडेही बघा. त्या बाईंच्या उत्तरेच्या शेतात एक जुनी तेलाची विहीर होती, तीन नंबरची. माझे वडील सांगायचे. ती कुणी बुजवली, कशी बुजवली, ते कधी बघितलंय कुणी?"

नेल्डाने बघितलं नव्हतं. तिला तर ती विहीर ठाऊकही नव्हती.

३

विभागीय कार्यालयाची फाइलींची खोली टॉमी स्यूच्या ताब्यात होती. टॉमी स्यू साठीची बाई, केसांना जांभळट रंग, आणि प्रत्येक फाइल पोटच्या लेकरासारखी सांभाळणारी. तिने 'रेगियर, क्रमांक तीन'चा कप्पा ओढला आणि तिथेच थबकली.

"नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे नाहीये गं! पाठीचा पुठ्ठा आहे, पण आतले कागद गेलेत." तिचा आवाज चिरकला. "तेवीस वर्षांत माझ्याकडून एक चिटोरा हरवला नाही."

"कॉम्प्युटरवर?"

"चौऱ्याऐंशीच्या आधीचं अजून चढवायचंय. एवढंच आहे बघ सूचीत: त्र्याऐंशी सालच्या ऑक्टोबरमध्ये बुजवली. कंपनी शहाऐंशीत बुडाली."

"गेल्या महिनाभरात खोलीत कोण कोण आलं?"

टॉमी स्यूने नोंदवही उघडली. "हॉब्सचा वकील आला, गेल्या आठवड्यात. माझ्यासमोर बसून त्याची स्वतःचीच फाइल बघून गेला. बाकी बाहेरचं कुणीही नाही. शपथ घेऊन सांगते, बाहेरचं एकही माणूस नाही."

नेल्डा गाडीत येऊन बसली. फाइल कुणाला हवी असेल? हॉब्सला फायद्याची होती ती. तिच्यामुळे त्याच्यावरचा संशय दुसरीकडे जाणार होता. मग ती त्याने का पळवावी? आणि ज्याने पळवली, त्याला लपवायचं काय होतं?

असा गुंता झाला की ती एकाच माणसाकडे जायची.

४

ऑर्बी टीगने दार उघडलं आणि काही न विचारता तिच्यापुढे बीन्सची वाटी आणि कॉर्नब्रेडचा तुकडा ठेवला.

"वाळलीस."

"तुम्ही मला दर वेळी असंच म्हणता."

"कारण तू दर वेळी वाळलेली असतेस."

तो समोर बसला. वाटी सरकवताना त्याचे तळवे तिला दिसले. दोन्ही तळव्यांवर फोड आले होते, एक फुटला होता. पँटच्या गुडघ्यांना लाल माती लागली होती.

"हे काय केलंत?"

"टोमॅटोचा वाफा खणतोय."

तिने सगळं सांगितलं. खारट पाणी, हॉब्स, हरवलेली फाइल. ऑर्बी ऐकत होता, पण चेहऱ्यावर काही दिसू देत नव्हता. मग त्याने एकच प्रश्न विचारला.

"वॉनिटाच्या घरी पाणी तापवायचा गॅसचा बंब आहे, त्याची ज्योत चालू आहे का गं?"

"बंब? मिठाचा आणि बंबाचा काय संबंध?"

"नाही, खाऱ्या पाण्याने टाकी कुजते," तो घाईने म्हणाला आणि उठून भांडी विसळायला लागला. "हॉब्सने केलेलं नाही हे. तो आळशी आहे, लबाड नाही."

"मग कोणी केलंय?"

नळ वाहत राहिला. ऑर्बीने पाठ फिरवलेलीच होती.

"तू शोधशील," तो म्हणाला. "तुला मी शिकवलंय."

बाहेर पडताना नेल्डाने मागच्या अंगणात नजर टाकली. तिथे गवत होतं. टोमॅटोचाच काय, कसलाच वाफा नव्हता.

५

शुक्रवारी संध्याकाळी प्रयोगशाळेचा निकाल आला. नेल्डाने तो उभ्यानेच वाचला.

मीठ होतं, भरपूर होतं. पण ब्रोमाइड जवळजवळ नव्हतंच. या भागात तेलाच्या थरातून येणाऱ्या खाऱ्या पाण्यात ब्रोमाइड हटकून सापडतं. कितीही पातळ करा, ते लपत नाही. दुकानातल्या पोत्यातल्या मिठात मात्र ते नावालाच असतं. म्हणजे हे मीठ हॉब्सच्या विहिरीतून आलं नव्हतं, आणि तीन नंबरच्या विहिरीतूनही नाही. कुणीतरी पोतं फोडून ते बोअरमध्ये ओतलं होतं.

तिने कॅलेंडरचा फोटो काढून समोर ठेवला. ईस्टरच्या रविवारी पाच फुल्या. सोमवारी चार, मग तीन, दोन, शनिवारी एक. पुढच्या रविवारी पुन्हा पाच. त्याच्या पुढच्या रविवारीही पाच.

जमिनीतून झिरपणाऱ्या मिठाला वार कळत नाही. वार माणसाला कळतो. दर रविवारी सकाळी, वॉनिटा आत टोपी घालत असताना, अर्धा तास अंगणात फेऱ्या कोण मारतं?

नेल्डाने कागद उलटा ठेवला. पुन्हा सुलटा केला. आकडे तेच होते.

ती टॉमी स्यूच्या घरी फोन लावायला उठली तेव्हा बोट चुकून दोनदा भलत्याच नावावर पडलं.

"टॉमी स्यू, बाहेरचं कुणी आलं नाही म्हणालीस. आपलं कुणी आलं होतं?"

"आपलं? आपला ऑर्बी आला होता की, ईस्टरच्या आधी. डोनट घेऊन. जुन्या दिवसांची आठवण येते म्हणाला, तासभर आत बसला. त्याची कसली नोंद करायची?"

रात्रभर नेल्डा उत्तरं जुळवत राहिली. मीठ कोणी टाकलं ते कळलं होतं. का टाकलं, तिथे सगळं अडत होतं. ज्या माणसाने गुरुवारी प्यायचं पाणी आणून दिलं, त्यानेच रविवारी पाणी नासवलं. म्हणजे मीठ टाकण्याच्या आधीपासूनच त्याला ती बोअर वॉनिटाने वापरायला नको होती. आधी त्याने विनवलं. तिने ऐकलं नाही. मग त्याने पाणी असं करून ठेवलं की तिला पिताच येऊ नये.

पण बोअरमध्ये होतं काय?

बंबाची ज्योत. दुधासारखं पांढरं पाणी, खालून वर निवळणारं. फेब्रुवारीपासून.

ती हवा नव्हती.

६

शनिवारी सूर्य उगवायला नेल्डा रेगियरच्या शेतावर हजर होती. पंपाची छोटी खोली बंद होती. कमरेला अडकवलेलं गॅस शोधायचं यंत्र हातात घेऊन तिने दार फटीएवढं उघडलं, आणि यंत्र किंचाळायला लागलं. मिथेन. वास नसलेला, रंग नसलेला, एका ठिणगीची वाट बघणारा. तिने दार सताड उघडलं, विजेचा खटका दूरच्या खांबावरून पाडला, आणि स्वयंपाकघरात धावत जाऊन बंबाचा कॉक बंद केला.

"अगं, अंगावर गाऊन आहे माझ्या!" वॉनिटा ओरडली. तिचे हात पिठाने भरले होते. शनिवारी ती त्स्वीबाख करायची, एकावर एक बसवलेले छोटे दुमजली पाव.

"भट्टी पेटवू नका, वॉनिटाबाई. अंगावर कोट घाला आणि माझ्या गाडीत जाऊन बसा. सांगते सगळं. फक्त आता या."

वॉनिटा गाडीत बसल्यावर नेल्डाने खिडक्या उघड्या टाकल्या आणि उत्तरेच्या शेताकडे पाहिलं. गव्हात एक माणूस वाकून लोखंडी सळई जमिनीत खुपसत होता. एक पाऊल टाकायचा, खुपसायचा, पुढे जायचा. काखेत पिवळट कागद होते.

ती जवळ जाईपर्यंत ऑर्बीने वर पाहिलं नाही. पाहिलं तेव्हा तो दचकलाही नाही.

"सापडत नाहीये गं," तो म्हणाला. "कागदावर कुंपणापासून तीनशे तीस फूट लिहिलंय. ते कुंपणच हार्लनने नंतर हलवलं. तीन आठवडे शोधतोय."

"सापडली असती तर काय करणार होतात? एकटे बुजवणार होतात?"

"सापडली की तुझ्याकडे येणार होतो."

नेल्डाने त्याच्या हातातली सळई काढून घेतली.

"नव्हतो," तो म्हणाला. "खोटं बोललो. बुजवायचाच विचार होता. म्हाताऱ्या माणसाचं डोकं."

तो बांधावर बसला. ती त्याच्या शेजारी बसली.

"खात्यात यायच्या आधी मी विहिरी बुजवायची कंत्राटं घ्यायचो. ही माझीच. सिमेंटची गाडी आलीच नाही. कंपनीचा माणूस म्हणाला, गाडी येणार नाही, कंपनीत काही उरलेलं नाही, तू सही कर. आम्ही आत कुंपणाचे खांब टाकले, चिखल टाकला, आणि वर सहा पोती सिमेंट. एवढ्याने खालचा गॅस अडत नाही. कागदावर एकशे वीस लिहिली. संध्याकाळी हार्लनने विचारलं, नीट झालं ना रे ऑर्बी? मी हो म्हटलं. त्याने मला जेवायला ठेवून घेतलं." त्याने कागद तिच्या मांडीवर ठेवले. "पुढच्या वर्षी मी खात्यात आलो. त्यानंतर एकही विहीर अशी जाऊ दिली नाही. तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे."

"फेब्रुवारीत तिच्याकडे पेलाभर पाणी घेतलं. पांढरं होतं. आधी मीही हवाच म्हटलं मनाशी. आपल्याला जे सोयीचं तेच आधी सुचतं. ईस्टरच्या आधीच्या बुधवारी बाटली भरून घरी नेली, तिच्या तोंडाशी पेटती काडी धरली. निळी ज्योत उभी राहिली. दुसऱ्या दिवशी कॅन घेऊन गेलो. ती हसली."

"मला एक फोन करायचा होतात, ऑर्बी. एक फोन. ती बाई तीन आठवडे रोज दुपारी मिनिटभर गॅस भरलेल्या खोलीतला तो पंप चालवतेय. तुमचं मीठ चाखायला!"

म्हाताऱ्याचा चेहरा राखेसारखा झाला. हे त्याला माहीत नव्हतं.

"मला वाटलं, पंप बंद म्हणजे बंद," तो कसाबसा म्हणाला. "फोन हातात घेतला होता गं. दोनदा. तू 'बोला गुरुजी' म्हणशील, त्याच्या पुढे मला काही सुचेना."

तिला रागवायचं होतं. शब्दही जुळवून ठेवले होते. पण त्याचे फोडांनी भरलेले हात गुडघ्यांवर पडले होते. तिने त्यातला एक आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"मला हे सगळं लिहावं लागेल," ती म्हणाली. "पोती, सही, फाइल, मीठ. सगळं."

"लिही. पूर्ण नाव लिही. ऑर्बी डीन टीग. स्पेलिंग चुकवू नकोस." त्याने गाडीकडे पाहिलं. उघड्या खिडकीतून वॉनिटा त्यांच्याकडेच बघत होती. "तिला मात्र मी सांगतो."

नेल्डा बांधावरच थांबली. ऑर्बी चालत गेला, गाडीच्या दाराशी उभा राहिला, टोपी काढली. त्याचं बोलणं वाऱ्याने इकडे येऊ दिलं नाही. बराच वेळ तो एकटाच बोलत होता. मग वॉनिटाने काहीतरी एकच वाक्य म्हटलं आणि खिडकीची काच वर केली.

तिने काय म्हटलं ते नेल्डाने विचारलं नाही. ऑर्बीनेच परत येऊन सांगितलं.

"म्हणाली, हार्लनला हे तू जिवंतपणी सांगितलं असतंस तर त्याने तुला सकाळपर्यंत माफ केलं असतं. मला जास्त वेळ लागेल."

७

सोमवारची सुनावणी दहा मिनिटांत संपली. हॉब्सच्या विहिरीला कुलूप लागलं नाही. ऑर्बीला बोअरमध्ये मीठ टाकल्याबद्दल आणि सरकारी कागद नेल्याबद्दल दंड झाला, आणि तो खाली मान घालून 'मान्य' म्हणाला. जुन्या खोट्या सहीवर खटला भरायची कालमर्यादा केव्हाच उलटून गेली होती. तिची लेखी कबुली तरीही फाइलीत लागली, त्याच्याच आग्रहावरून. टॉमी स्यू त्याच्याशी चार दिवस बोलली नाही.

ज्या विहिरींना मालक उरलेला नसतो, त्यांच्यासाठी राज्याचा निधी असतो. नेल्डाने त्यातून मंजुरी मिळवली. जमीन उकरायला यंत्र मिळायला महिना लागणार होता. बुधवारी सकाळी ग्लेन हॉब्स स्वतःचा जेसीबी चालवत शेतात शिरला.

"बाईंच्या गव्हाचं कमीत कमी नुकसान करीन," तो नेल्डाला म्हणाला. "तुमच्या त्या गुरुजींना सांगा, मला सळई घेऊन जागा दाखवा. मी काही चावत नाही."

दुपारी साडेतीन फुटांवर गंजलेल्या लोखंडाची कड लागली. खड्ड्यातल्या ओलीत बुडबुडे येत होते. आठवडाभर जुने खांब आणि चिखल उपसून काढला गेला. मग सिमेंटची गाडी आली.

ऑर्बी आपल्या गाडीत, शेताच्या फाटकाबाहेर बसून होता. आत यायला त्याला कुणी मनाई केली नव्हती आणि कुणी बोलावलंही नव्हतं. नेल्डाने दोनदा हाताने खूण केली. त्याने मान हलवून नको म्हटलं.

घराचं दार वाजलं. वॉनिटा पायऱ्या उतरली. तिने रविवारची टोपी घातली होती, वार गुरुवार असूनही. काठी टेकत ती सगळं अंगण ओलांडून गेली, फाटक स्वतः उघडलं, ऑर्बीच्या गाडीला वळसा घातला आणि दुसऱ्या बाजूचं दार ओढलं. दार जड होतं. ऑर्बी आतून वाकला आणि त्याने ते ढकललं. ती चढून त्याच्या शेजारी बसली.

"वॉनिटाबाई, बऱ्या आहात ना?" नेल्डाने लांबून हाक मारली.

"मी बरी आहे गं!" आतून उत्तर आलं. "याला म्हटलं, मला इथून काही दिसत नाहीये, जरा पुढे घे गाडी. ऐकेल तर शपथ! एक्याऐंशी वर्षांचा झालाय आणि गाडी पुढे घ्यायला घाबरतो."

गाडी सुरू झाली. हळूहळू फाटकातून आत आली आणि खड्ड्यापासून थोड्या अंतरावर थांबली. हॉब्सने टोपीला हात लावला. नेल्डाने सिमेंटवाल्याला इशारा केला, आणि सिमेंट खाली जायला लागलं.